ओळखीची बँक आणि भरवशाची बँक

गटाची बचत कुठं ठेवायची, हा प्रश्न आपल्या बैठकीत निघतोच. आज त्यामागचा थोडा इतिहास पाहू.

आपल्या आज्या पैसे डाळीच्या डब्यात ठेवत, नाहीतर सोनं करत. बँक शहरात, तीही व्यापाऱ्यांची. त्यात १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. लोकांचा धीर सुटला. म्हणून सरकारनं कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. १९९३ साली ते १ लाख झालं, २०२० साली ५ लाख.

१९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँका सरकारच्या झाल्या. शाखा गावांकडे सरकल्या, तशा ठेवीही वाढल्या. बँक जवळ आली की डबा रिकामा होतो!

आपल्या पनवेल-उरण भागात १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. हाती मोबदला आला. असा पैसा कुठं ठेवायचा? माणूस ओळखीचं दार बघतो. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर लोकांनी असाच भरवसा टाकला. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. पुरेसं भांडवल नाही, कमाईची आशा नाही, हे कारण दिलं. सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असंही सांगितलं. उरलेले बहुतेक ५ लाखांच्या वरचे. कुणाची जमिनीची, कुणाची निवृत्तीची पुंजी.

म्हणजे जवळची शाखा, ओळखीचा माणूस आणि जास्त व्याज ठेव ओढून आणतात. पण ठेव टिकते ती बँकेच्या ताळेबंदावर.

म्हणून आपण तीन गोष्टी करू. बँकेला ठेव विमा आहे का, विचारू. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो, हे लक्षात ठेवू. आणि एका बँकेत मुद्दल, व्याज, सगळ्या शाखा धरून ५ लाखांपर्यंतच हमी असते, म्हणून मोठी रक्कम वाटून ठेवू.

विचारायला लाजायचं नाही, बायांनो. पैसा आपल्या घामाचा आहे.