चेनगाडीची कुळकथा

अमेरिका-कॅनडात घराभोवती एवढं गवत असतं, की ते कापायला माणूस यंत्रावर बसूनच निघतो. चार चाकं, एक सीट, बारा ते वीस अश्वशक्तीचं इंजिन आणि पोटाखाली गरगर फिरणारी पाती. हे यंत्र जुनं झालं की पात्यांचा भाग आधी कामातून जातो, इंजिन मात्र पुष्कळदा धडधाकट राहतं. मग हौशी मंडळी पाती खोलून ठेवतात, चाकांच्या जागी दोन्ही अंगांना पट्टे चढवतात आणि बर्फात, दलदलीत, जंगलात शिरणारी गाडी घरच्याघरी तयार करतात.

जालना जिल्ह्यात अशी हिरवळ शोधून सापडायची नाही. पण रुतणं म्हणजे काय, हे इथल्या पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. अंबड, घनसावंगी, परतूरच्या गोदाकाठी किंवा भोकरदन-जाफ्राबादच्या पूर्णेच्या खोऱ्यात पावसाची झड लागली, की काळ्या रानाला वाफसा येईपर्यंत कुणी अवजार घेऊन आत शिरत नाही. त्याहून वाईट गत पांदण रस्त्यांची. डांबरी सडकेपर्यंत ट्रॉली येते, पण सडक ते शेत एवढ्याशा अंतरात सोयाबीनची पोती डोक्यावर वाहावी लागतात. वस्तीवरचा दुखणेकरी बाजेवर घालून आणावा लागतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी धरते, की चार वेढ्यांत चाकाचा गोळा होतो. मग चाक फिरतं, गाडी जागची हलत नाही.

चेनची गाडी, म्हणजे चाकांऐवजी अशा पट्ट्यांवर चालणारी गाडी, या एकाच अडचणीतून जन्मली. रणगाड्यामुळे लोकांना वाटतं, की ही चीज लढाईची. पण तिचं मूळ चिखलाच्या रानात आहे.

आधी साधं गणित बघू. मोटारीच्या टायरात तीस पौंडांची हवा असते, म्हणजे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलोचा भार. भरलेल्या ट्रकचा भार ७ किलोच्या घरात जातो. आता २० टनांचं पोकलेन, म्हणजे चेनवरचं खोदाई यंत्र, घ्या. एकेक चेन ६० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला सुमारे साडेतीन मीटर टेकलेली. दोन्ही मिळून ४२,००० चौरस सेंटिमीटर झाले. वीस हजार किलोंना त्यानं भागा. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही येत नाही. चालणाऱ्या माणसाचा सगळा भार एका तळव्यावर येतो तेव्हा त्याचाही आकडा याच्या फार खाली नसतो. म्हणून पाझर तलावाच्या गाळात जिथं मोटारसायकल घालायची छाती होत नाही, तिथं हे वीस टनांचं धूड निवांत उतरतं.

ही युक्ती कागदावर आली १७७० मध्ये. रिचर्ड लव्हेल एजवर्थ या इंग्रज-आयरिश गृहस्थानं पेटंट घेतलं ते गाडीबरोबर पुढं सरकणाऱ्या रस्त्याचं. गाडीनं आपल्या चाकांखाली आपणच फळ्या अंथराव्यात, त्यांवरून जावं आणि मागच्या उचलून पुन्हा पुढं टाकाव्यात, अशी ती कल्पना. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. रस्ता गाडीपर्यंत येत नसेल तर गाडीनं तो सोबत न्यायचा. १८२५ मध्ये जॉर्ज केली यांनी, म्हणजे विमानविद्येचा पाया घालणाऱ्या त्याच केली यांनी, अशाच अखंड पट्ट्याचं पेटंट घेतलं. पण पट्टा ओढायला ताकद पाहिजे आणि त्या काळच्या इंजिनांना स्वतःचंच वजन जड होतं. पाऊणशे वर्षं कल्पना फारशी पुढं सरकली नाही.

तिला जमीन मिळाली कॅलिफोर्नियात. स्टॉकटन गावाजवळ सॅन होआकिन नदीच्या मुखाशी कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत काळी जमीन आहे. पीक सोन्यासारखं, पण वाफेचे ट्रॅक्टर आणि घोडे दोन्ही तिच्यात धसायचे. स्टॉकटनच्या बेंजामिन होल्ट यांचा कारखाना चाकं रुंद करत सुटला. एका ट्रॅक्टरची रुंदी चाकांपायी ४६ फुटांवर गेली. एवढं धूड शेतात वळणार कसं आणि शेताच्या वाटेनं जाणार कसं? होल्ट यांनी शेवटी मागची चाकंच काढून टाकली. त्या जागी नऊ फूट लांबीचे दोन सांगाडे बसवले, त्यांवर साखळी घातली आणि साखळीच्या कड्यांना लाकडी पट्ट्या बोल्टनं आवळल्या. होल्ट यांच्या पहिल्या चेनच्या पट्ट्या पोलादी नव्हत्या, लाकडी होत्या. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी रॉबर्ट्स बेटावर हे यंत्र चाललं आणि धसलं नाही. फोटो काढायला आलेल्या चार्ल्स क्लेमेंट्स यांना ते सुरवंटासारखं, इंग्रजीत कॅटरपिलरसारखं, सरपटताना दिसलं, तेच नाव पुढं कंपनीला चिकटलं. १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन जुन्या स्पर्धकांच्या कंपन्या एक झाल्या आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली.

होल्ट यांचं यंत्र चाललं त्याच वर्षी, १९०४ मध्ये, इंग्लंडात ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्यात डेव्हिड रॉबर्ट्स यांनीही चेनचं पेटंट घेतलं होतं. आणि अमेरिकेच्या मेन राज्यातले आल्विन लोंबार्ड त्यांच्याही आधी, १९०१ पासून, बर्फातून ओंडके ओढायला पट्ट्यावरचं वाफेचं इंजिन वापरत होते. एकच अडचण तीन ठिकाणी, आणि तिघांना सुचलेला उपाय जवळजवळ एकच. लढाईचा भाग मी थोडक्यात आटोपतो. पहिल्या महायुद्धात होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढत होते, ते पाहून चेनवर चिलखत चढवायची कल्पना बळावली आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये फ्लेर्सच्या रणात पहिले रणगाडे उतरले.

शेतातून लढाईत गेलेली चेन आपल्या देशात मात्र लढाईतून शेतात आली. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याचे चेनवाले ट्रॅक्टर भारतात उरले होते. स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याची टंचाई होती आणि मध्य भारतातल्या काळ्या जमिनीचे मोठे पट्टे कांस गवतानं गिळले होते. कांसाच्या मुळ्या इतक्या खोल जातात, की बैलांच्या नांगराला त्या दाद देत नाहीत. केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढून ही यंत्रं त्या रानात घातली. पुढं १९४९ मध्ये जागतिक बँकेनं अशाच यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. काळ्या मातीची आणि चेनची आपल्याकडची मोठी गाठभेट ती.

जालन्याला चेन घरोब्याची झाली ती पोकलेनमुळे. फ्रान्समध्ये जॉर्ज बताय यांनी १९२७ मध्ये शेतीच्या यंत्रांचं वर्कशॉप काढलं, तीच पुढची पोक्लेन कंपनी. १९५० च्या दशकात तिनं तेलाच्या दाबावर चालणारी खोदाई यंत्रं बनवायला घेतली, आणि १९७० च्या दशकात लार्सन अँड टुब्रोनं ती तिच्या सहकार्यानं भारतात आणली. आता यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, टायरवरचं ते जेसीबी आणि चेनवरचं ते पोकलेन, अशी गावाची सरळ वाटणी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडी तलाव उघडा पडला, तेव्हा लोकवर्गणीतून गाळ उपसला गेला. पुढं डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार योजना आली, २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळं ही योजना आली. कडवंची गावानं तर त्याआधीच खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं पाणलोटाचं काम उभं केलं होतं, आणि शेततळ्यांच्या जिवावर दुष्काळी रानात द्राक्षं पिकवली होती. या कामांमागं माणसांची जिद्द आहेच. पण खोल खड्ड्यात, मऊ मातीत उतरून ती माती वर फेकणारी चेनही तिथं आहे, आणि तिचं श्रेय कुणी फारसं मोजत नाही.

मात्र पोकलेन हे भाड्यानं आणायचं धूड. ट्रेलरवरून येतं, तासावर चालतं, निघून जातं. घरच्या चेनगाडीचं कूळ वेगळं आहे आणि ते कॅनडातल्या एका पोराकडे जातं.

जोसेफ-आर्मान बोंबार्डिए यांचा जन्म १९०७ चा, क्यूबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावाजवळचा. तिथं हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जायचे आणि गावं एकमेकांना तुटायची. पंधराव्या वर्षी या मुलानं जुन्या फोर्ड गाडीचं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागं लाकडी पंखा लावला आणि भावाला सोबत घेऊन गावातून फिरवली. पुढं त्यांनी गॅरेज काढलं. उन्हाळ्यात लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीच्या मागं लागायचं. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं दगावला. दवाखाना होता, पण बर्फातून तिथवर नेईल असं वाहन नव्हतं. पांदणीतून बाजेवर माणूस नेणाऱ्या गावाला हे दुःख परकं नाही. बोंबार्डिए यांनी त्यानंतर रबराचा पट्टा आणि तो ओढणारं रबर चढवलेलं दातेरी चाक अशी जोडी बसवली. रबरामुळे बर्फ दात्यांत घट्ट बसत नसे, झडून जाई. १९३७ मध्ये पेटंट मिळालं आणि सात माणसांची बी-७ ही गाडी बाजारात आली. ती घेणाऱ्यांत डॉक्टर होते. १९५९ मध्ये त्यांनीच एक-दोन माणसांची हलकी स्की-डू काढली. आज गवत कापायच्या यंत्राला हौशी लोक जे पट्टे चढवतात, ते पुष्कळदा अशाच बर्फावरच्या गाड्यांचे टाकून दिलेले पट्टे असतात.

पट्टा नसेल तर कारखान्यातला जुना कन्व्हेयर बेल्ट घेतात आणि त्यावर ठरावीक अंतरानं लोखंडी अँगलचे तुकडे बोल्टनं कसतात. होल्टच्या लाकडी पट्ट्यांचाच हा पुढचा अवतार. अडीचशे किलोचं यंत्र, वर पंचाहत्तर किलोचा माणूस, २५ सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे मीटरभर टेकलेले, म्हणजे भार पडला दर चौरस सेंटिमीटरला पासष्ट ग्रॅम. आपल्या पावलाच्या भाराच्या पावपटही नाही.

अवघड आहे ते वळवणं. पट्ट्याला पुढच्या चाकासारखी मान नसते. एक बाजू थांबवायची किंवा मंद करायची, दुसरी चालू ठेवायची, की गाडी थांबल्या बाजूला वळते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, बांधाच्या टोकाला तो डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबून हेच करतो. पण पट्टे जमिनीवर आडवे घासत वळतात, तेव्हा पट्टा उतरायची भीती मोठी. त्यावरचा ठोकताळा असा, की पट्टा जेवढा लांब टेकतो ती लांबी दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या दीडपट-पावणेदोनपटीच्या वर जाऊ द्यायची नाही. लांबी वाढवली की गाडी सरळ छान जाते आणि वळताना हट्टाला पेटते. गवतयंत्राचा गिअरबॉक्सही सपाट हिरवळीसाठी बनवलेला, हलका. पट्ट्याचा ओढा त्याला सोसत नाही आणि बांधणाऱ्याची निम्मी मेहनत त्याचे दात वाचवण्यातच जाते.

आपल्याकडे याहून चांगलं बूड हाताशी आहे, ते म्हणजे पॉवर टिलर. व्हीएसटी कंपनी मित्सुबिशीच्या साथीनं १९६७ पासून भारतात या धंद्यात आहे. बारा-तेरा अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, ओढ्यासाठीच बनवलेला गिअरबॉक्स, आणि दोन्ही मुठींखाली डाव्या-उजव्या चाकाचे वेगवेगळे क्लच. पट्ट्याच्या गाडीला वळायला जे हवं, ते यात कारखान्यातूनच बसवून येतं. आणि असलं जुळवून घ्यायची हातोटी या मुलखात नवी नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या भागांतून कोळपं केलं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्याची दखल घेतली. बैलजोडी न परवडणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती सायकल-कोळपं आलं ते अशा माणसांमुळे. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि अवजारांचा दांडा बसवला. जालन्याचं तर पोटच लोखंडावर चालतं. इथल्या भट्ट्या देशभरचं भंगार वितळवतात, रोलिंग मिल त्याच्या सळ्या ओढतात. अँगल, पट्टी, बेअरिंग यांसाठी इथल्या वेल्डरला गाव ओलांडावं लागत नाही.

ज्याला ही गाडी बांधायची असेल त्यानं परदेशातली नक्कल जशीच्या तशी उतरवू नये. बर्फ झडतो, काळी माती झडत नाही. ती दातेरी चाकात ठासून बसते, पट्टा ताणत नेते आणि शेवटी एकतर पट्टा तुटतो नाहीतर बेअरिंग जातं. म्हणून पोकलेनचा माणूस काम संपलं की फावडं आणि पहार घेऊन आधी चेन मोकळी करतो, रात्रभर वाळू देत नाही. घरच्या गाडीत दातेरी चाक भरीव ठेवू नये, गजांच्या पिंजऱ्यासारखं उघडं करावं, म्हणजे माती आरपार पडेल. दाते आणि पट्ट्यामध्ये बोटभर सैल जागा ठेवावी. ताण कमी-जास्त करायचा बोल्ट बाहेरून हाती येईल असा असावा, कारण पावसात पांदणीतच तो फिरवावा लागणार. आणि पहिली चाचणी उन्हाळ्यात गावठाणावर घेऊन समाधान मानू नये. ती घ्यावी झडीच्या चौथ्या दिवशी, चार पोती सोयाबीन लादून.