क्रोशेचे शिंकाळे : कुंडीसाठी कोणता दोरा टिकतो?

कृष्णा आणि तारळी नद्यांच्या संगमावरील उंब्रज (ता. कराड, जि. सातारा) येथे पावसाळ्यात हवा दमट असते. अशा हवेत गॅलरीत टांगलेल्या कुंडीचे शिंकाळे कोणत्या दोऱ्याचे आहे, याला महत्त्व येते.

दोन सुयांवरचे विणकाम लवचिक असते, त्यामुळे ते स्वेटरला शोभते. आकड्याच्या एका सुईने केलेला क्रोशे, विशेषतः घट्ट वीण, कमी ताणतो. म्हणून वजन पेलायला क्रोशे बरा.

सुती दोरा भिजला म्हणून लगेच तुटत नाही. पण सतत ओला राहिला तर बुरशी लागून कुजतो. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा धागा बहुतेकदा ॲक्रिलिक असतो. तो कुजत नाही, उन्हातही टिकतो. मात्र वजनाने लांबतो.

१ लिटर पाण्याने कुंडी १ किलोने जड होते. त्यामुळे नवे शिंकाळे पाणी घातलेल्या कुंडीसह, जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगून तपासावे. सुती शिंकाळ्यातली कुंडी खाली उतरवून पाणी घालावे आणि निथळल्यावरच टांगावी. पावसाळा संपला की तळाचे टाके ओढून पाहावेत. दोरा काळपट किंवा ठिसूळ झाला असेल, तर शिंकाळे नवे करावे. कुंडी कोणाच्या डोक्यावर पडण्याची वाट पाहू नये.