बाहा, बाजा आणि दहा घोडे

पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये चार मेकॅनिकलवाले सापडतातच. (डिग्री मेकॅनिकलची, पोट जावावर. आपल्यातलेच.) त्यातला एखादा तरी कॉलेजात 'बाहा'च्या टीममध्ये होता असं निघतं, आणि एकदा तो विषय निघाला की जेवणाची सुट्टी संपली म्हणून समजा. शेवटच्या वर्षाचे मार्क विसरलेला माणूस, कुठल्या वळणावर टाय रॉड तुटला ते मात्र सांगतो. पण बाहा म्हणजे काय विचारलं तर गडबडतो. काहींना वाटतं ते इंग्रजी अक्षरांचं लघुरूप आहे. अर्धी पोरं तर सरळ 'बाजा'च म्हणतात, बँडबाजातला.

तर शब्द स्पॅनिश आहे. बाहा म्हणजे खालचा, आणि बाहा कॅलिफोर्निया म्हणजे खालचं कॅलिफोर्निया. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाखाली मेक्सिकोची एक लांबच लांब शेपटी समुद्रात लोंबते ना, ती. वर तिहुआना, पार खाली ला पाझ. मधे डोंगर, काटेरी निवडुंग, वाळू आणि कोरडी तळी. १९७३ पर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग डांबरी रस्ताच नव्हता. आणि नेमका तो नव्हता म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

१९६२ च्या मार्चमध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोघे होंडाच्या २५० सीसीच्या दोन नव्या मोटरसायकली घेऊन तिहुआनाहून निघाले. होंडाला अमेरिकेत येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. जपानी गाडी खडबडीत रस्त्यावर टिकते हे तिला लोकांना दाखवायचं होतं. (या डेव्हचा भाऊ बड एकिन्स म्हणजे 'द ग्रेट एस्केप' सिनेमात काटेरी कुंपणावरून मोटरसायकल उडवणारा स्टंटमन. घराणंच तसलं.) अडचण एकच, वेळ मोजणार कोण? पंच नाही, प्रेक्षक नाही, स्पर्धकसुद्धा नाही. मग त्यांनी फार साधी युक्ती केली. निघताना तिहुआनाच्या तार ऑफिसात वेळेचा शिक्का घेतला आणि पोचल्यावर ला पाझच्या तार ऑफिसात दुसरा. अंतर साडेनऊशे मैल, म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या थोडं वर. एकिन्सची वेळ ३९ तास ५६ मिनिटं. रॉबर्टसन साधारण तासाभराने मागून आला. आपल्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टॅम्प आणि लॉग, बाकी काही नाही. पण विक्रम लेखी झाला, आणि लेखी विक्रम दिसला की तो मोडावासा वाटणारी माणसं असतातच.

त्यातला एक ब्रूस मायर्स. हा माझा या गोष्टीतला सर्वांत लाडका माणूस. दुसऱ्या महायुद्धात 'बंकर हिल' या विमानवाहू जहाजावर १९४५ मध्ये कामिकाझे विमानं आदळली, त्यातून हा वाचला. पुढे न्यूपोर्ट बीचला फायबरग्लासच्या होड्या बांधू लागला. होडीवाल्याच्याच डोक्यात येईल असा विचार त्याने केला: फोक्सवॅगन बीटलचं जड पत्र्याचं अंग काढून टाकायचं आणि त्या जागी फायबरग्लासची हलकी टब बसवायची. १९६४ मध्ये पहिली तयार झाली, तीच मायर्स मँक्स. नंतरच्या किटमध्ये बीटलचा खालचा सांगाडा सुमारे १४ इंच कापून आखूड करायचा आणि वर ही टब ठेवायची, एवढंच काम. भंगारातली बीटल, एक वेल्डिंग मशीन आणि काही शनिवार-रविवार असले की झालं. एप्रिल १९६७ मध्ये मायर्स आणि टेड मँगल्स यांनी ही गाडी ला पाझहून तिहुआनाला ३४ तास ४५ मिनिटांत आणली. चारचाकीने दुचाकीला पाच तासांनी हरवलं!

त्याच वर्षी एड पर्लमन वगैरे मंडळींनी 'नोरा' नावाची संघटना काढली आणि ऑक्टोबरच्या शेवटी पहिली 'मेक्सिकन १०००' भरवली. हीच पुढे बाहा १००० झाली. ८४९ मैल, ६८ स्पर्धक. व्हिक विल्सन आणि मँगल्स जिंकले, अर्थात मँक्समध्येच, २७ तास ३८ मिनिटांत. या शर्यतीत मोटारी होत्या, ट्रक होते, मोटरसायकली होत्या आणि लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये वेल्ड केलेली, नाव नसलेली प्रकरणंही होती. सोमवारी कामावर जाणारा माणूस शनिवारी मोठमोठ्या नावांच्या शेजारी उभा राहू शकत होता.

हे किती दिवस चालणार? फार नाही.

१९७१ मध्ये पार्नेली जोन्स जिंकला. हा इंडियानापोलिस ५०० जिंकलेला माणूस, म्हणजे आपल्या सोसायटीच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्ये अचानक कसोटीतला ओपनर यावा तसं. त्याची गाडी 'बिग ओली' दिसायला फोर्ड ब्रोंको, पण आतून पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेली, बिअर कंपनीच्या पैशावर. वेळ १४ तास ५९ मिनिटं. चार वर्षांत वेळ जवळजवळ निम्म्यावर आली! (हीच गाडी २०२१ मध्ये लिलावात १८ लाख डॉलर्सच्या वर गेली.) जोन्सचा यात काही दोष नाही. शर्यत म्हटली की जो वेगवान तो येणारच. पण गॅरेजमधल्या माणसाने काय करायचं?

त्यावर उत्तर निघालं ते मला फार आवडतं. वर्ग पाडायचे. मर्यादित १६०० सीसी इंजिनाच्या गाड्यांचा वेगळा वर्ग, आणि 'क्लास ११' तर जवळपास शोरूममधून काढलेल्या साध्या बीटलचा. या बीटल अजूनही बाहाला उतरतात. पुढचा ट्रक जिंकून, आंघोळ करून, जेवून झोपला तरी या वाळूत कुठेतरी घरघरत असतात. त्यातली एखादी वेळेत पोचली तरी मोठी गोष्ट. मर्यादा घातली म्हणून हौशी माणूस खेळात टिकला, नाहीतर पैशाने त्याला दोन हंगामात बाहेर काढलं असतं.

पण दुसरं संकट वर्ग पाडून टळणारं नव्हतं. जमीनच हातातून जात होती. कॅलिफोर्नियात बारस्टोहून लास वेगासपर्यंत मोटरसायकलींची एक शर्यत व्हायची. हजाराहून जास्त मोटरसायकली वाळवंटात आडव्या रांगेत उभ्या राहायच्या आणि एकदम सुटायच्या. १९७१ च्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटात असल्या वाळवंटी शर्यतींचं सगळं वेड टिपलेलं आहे, जरूर बघा. आता हजार गाड्या एकाच वेळी एका जमिनीवरून गेल्या तर त्या जमिनीचं काय होईल? १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर असल्या गाड्या कुठे चालवायच्या आणि कुठे नाही हे ठरवण्याचा आदेश काढला. १९७४ नंतर बारस्टो-वेगासला परवानगी मिळाली नाही. १९८३ मध्ये ती परत सुरू झाली, १९८९ मध्ये कायमची थांबली. तिथलं वाळवंटी कासव धोक्यात आलं होतं. आमच्या ट्रेकिंगवाल्यांना हा वाद नवा नाही. पावसाळ्यात पठारावर जीप घालणाऱ्यांना आपण काय काय बोलतो! मला विचाराल तर मी कासवाच्या बाजूचा. तरी त्या रांगेत उभ्या असलेल्यांचं काहीच गेलं नाही असं म्हणवत नाही.

तिकडे मेक्सिकोत १९७३ मध्ये नोराची परवानगी गेली, १९७४ ची शर्यत तेलटंचाईत बुडाली आणि १९७५ पासून 'स्कोअर' या संघटनेने ती चालवायला घेतली. या स्कोअरचा जनक मिकी थॉम्पसन. हजार मैलांच्या शर्यतीत प्रेक्षकाला दिसतं काय, तर एक धुळीचा लोट येतो आणि जातो. म्हणून १९७३ मध्येच त्याने रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर ऑफ-रोड शर्यत भरवली आणि १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये चक्क माती टाकून उंचवटे केले. अशा रीतीने वाळवंट कुंपणाच्या आत आलं आणि 'ट्रॅकवरचा ऑफ-रोड वीकेंड' ही, ऐकायला विरोधाभासी वाटणारी, गोष्ट जन्माला आली.

याच दशकात, १९७६ मध्ये, साउथ कॅरोलिना विद्यापीठात जॉन स्टीव्हन्स या प्राध्यापकांच्या पुढाकाराने 'मिनी बाहा' झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाची ऑफ-रोड गाडी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बनवायची, स्वतः पळवायची. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरचं छोटं इंजिन सगळ्यांना सारखं, आणि त्याला हात लावायचा नाही. क्लास ११ मागचाच विचार, फक्त टोकाला नेलेला. पुढे अनेक वर्षं हे इंजिन दहा अश्वशक्तीचं होतं. दहा घोडे म्हणजे किती, तर तुमच्या बाइकला बहुधा त्याहून जास्त असतील. मग जिंकायचं कसं? वजन कमी करा, गिअरचं गुणोत्तर जुळवा, सस्पेन्शन नीट बसवा. हार्डवेअर ठरलेलं, आता कोड लिहा.

भारतात ही स्पर्धा 'बाहा एसएईइंडिया' या नावाने २००७ पासून सुरू झाली, इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम तिथे दरवर्षी गाडी टेम्पोत घालून जात आल्या.

त्या वीकेंडचं स्वरूप बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. आधी तपासणी. पाइपची जाडी मोजतात, वेल्ड बघतात, ड्रायव्हरला पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर येऊन दाखवावं लागतं. मग ब्रेक: जोरात दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. तीन होऊन भागत नाही. वर्षभर खपून, रात्री जागून बनवलेली गाडी या एका चाकापायी ट्रॅकवर न जाता परत जाऊ शकते. ब्रेकची नळी सोडून परत हवा काढणारी, डोळे लाल झालेली पोरं आणि समोर घड्याळ, हे दृश्य शर्यतीपेक्षा जास्त ताणाचं असतं. मग डिझाइनची आणि खर्चाची तोंडी परीक्षा. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांतले इंजिनिअर विचारतात, हा पाइप इथेच का? "सिनिअरच्या गाडीत असाच होता" हे उत्तर चालत नाही (आमच्या कोड रिव्ह्यूत कसं काय चालतं, देव जाणे).

आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स. हजारातले चारशे गुण हिचेच. सगळ्या गाड्या एकदम ट्रॅकवर, धूळ, दगड, उड्या. इथे सर्वांत वेगवान फेरीला किंमत नाही, चार तासांत फेऱ्या किती ते मोजतात. गाडी मोडली तर ओढून आणायची, वेल्ड करायची, परत पाठवायची. पहिल्या अर्ध्या तासात पुढे असलेली टीम तिसऱ्या तासाला जॅकखाली पडलेली असते, आणि मागून एखादी कुरूप, जड, कुणी न पाहिलेली गाडी फेरीवर फेरी टाकत राहते.

पैसा इथेही शिरला नाही असं नाही. इंजिन सारखं असलं तरी त्याच्या शेजारचा सीव्हीटी परदेशातून मागवता येतो आणि हलका पाइप विकत घेता येतो. ज्या कॉलेजला प्रायोजक मिळतात ते पुढे, उरलेले वर्गणी काढतात. अंगावरच्या स्टिकरांवरून टीमची ऐपत कळते. तरी पोराच्या बापाने कितीही खर्च केला तरी अकरावा घोडा विकत मिळत नाही, हे मला पुरेसं वाटतं.

अमेरिकेत २०२३ च्या हंगामापासून इंजिन बदललं. ब्रिग्ज जाऊन कोहलरचं आलं, चौदा घोड्यांचं. चार घोडे वाढले म्हणून सगळे खूश झाले, पण ते सगळ्यांनाच मिळाले, त्यामुळे पुढे कुणीच गेलं नाही. आणि साधारण त्याच काळात आयोजकांनी चारही चाकांना ताकद देणं सक्तीचं केलं, म्हणजे वाढलेले घोडे वाटून घ्यायला दोन चाकंही वाढली.