होम थिएटरचा मागचा स्पीकर गप्प? दुकानात नेण्याआधी वायर तपासा

दहा-पंधरा वर्षांमागं घेतलेले 5.1 होम थिएटर गावात अजून बऱ्याच घरी आहेत. पाच लहान स्पीकर आणि सबवूफरचा मोठा डबा. आमच्याकडं मागचा डावा स्पीकर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, मशीनच गेली, नवीन सेट घ्या. घरी आणून पाहिलं तर सोयाबीनच्या पोत्यांमागं उंदरानं वायर कुरतडलेली! खर्च आला फक्त तीन मीटर वायरचा.

पहिलं काम, प्लग बोर्डातून काढा. नुसतं रिमोटनं बंद करून चालत नाही. सबवूफरचा डबा मात्र उघडू नका. अॅम्प्लिफायर त्यातच असतो, 230 व्होल्टचा करंट तिथं येतो आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ करंट राहतो.

आता बंद स्पीकरची पिन चालू स्पीकरच्या जागी लावा. सेट सुरू करून बघा. वाजला तर स्पीकर आणि वायर दोन्ही चांगले, दोष डब्यात किंवा इनपुटमध्ये. इथं बरेच जण फसतात. टीव्हीची दोन पिनांची वायर फक्त फ्रंटला जोडली तर काही सेटचे मागचे स्पीकर वाजतच नाहीत. तो बिघाड नव्हे. 5.1 इनपुटला पिनांच्या तीन जोड्या लागतात.

नाही वाजला, तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. पिन डब्यातून काढून ठेवा. सेलचा प्लस पिनच्या मधल्या टोकाला आणि मायनस बाहेरच्या कड्याला क्षणभर टेकवा. खर्र आवाज आला पाहिजे. पिनवर आवाज नाही, पण स्पीकरच्या मागच्या टोकांवर येतो, म्हणजे वायर मध्येच तुटलेली. दोन्हीकडं नाही, तर स्पीकरची कॉइल जळाली असावी. मल्टिमीटर असेल तर 4 ओहमचा स्पीकर साधारण 3 ते 4 दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर शॉर्ट समजा. अशी वायर लावून सेट वाजवू नका, अॅम्प्लिफायरचा आयसी जाऊ शकतो, मग मात्र खर्च वाढतो.

जोड देताना तार काळी-हिरवी झाली असेल तर चकाकणारं तांबं दिसेपर्यंत मागं कापत जा. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही. दोन तारांचे जोड शेजारी-शेजारी देऊ नका, एक पुढं एक मागं द्या, वरून टेप गुंडाळा. टेप सुटला तरी मग ते एकमेकांना चिकटत नाहीत.

प्लस-मायनस उलटं जोडलं तरी स्पीकर वाजतो, पण दोन स्पीकर मिळून आवाज पोकळ येतो, बेस कमी होतो. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे. जाळीमुळं दिसत नसेल तर बोटानं हलकंच चाचपा.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तांब्याची तार गुंडाळून चालवलेले सेट मी पाहिलेत, एकाच्या डब्यातून धूर निघाला होता.