तळटीप : हैदराबादच्या उपग्रह परिषदा

१. उपग्रह परिषदा : बेळगावच्या खडेबाजारातून लिहिलेल्या या पत्रातला उल्लेख २०१० च्या आंतरराष्ट्रीय गणित महापरिषदेशी निगडित आहे. १९ ते २७ ऑगस्टदरम्यान हैदराबादला भरलेली ही भारतातली पहिलीच महापरिषद. उद्‌घाटन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी केले. गणिताच्या व्यावहारिक उपयोगाशी निगडित गाउस पारितोषिक तेथे इव्ह मेयर यांना मिळाले. वेव्हलेट सिद्धान्ताच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. बोटांच्या ठशांच्या प्रतिमा कमी जागेत साठवण्यासाठी हाच सिद्धान्त वापरतात.

महापरिषदेत विभागीय व्याख्यानाला जेमतेम पाऊण तास मिळतो. म्हणून तिच्या आगेमागे एकेका विषयाचे जाणकार वेगळ्या बैठका भरवतात; त्याच उपग्रह परिषदा. तिथे अर्धवट सिद्धताही फळ्यावर मांडता येते, कच्चे दुवे तिथल्या तिथे सापडतात. त्या वर्षी बंगळूरसह अनेक शहरांत अशा परिषदा झाल्या. खुद्द हैदराबादेत १७-१८ ऑगस्टला महिला गणितज्ञांची परिषद भरली. बेळगावच्या प्राध्यापकाला बंगळूर रात्रीच्या गाडीने गाठता येते. सीमाभागातल्या शिक्षकाला जागतिक संशोधकांशी समोरासमोर बोलण्याची खरी संधी अशा छोट्या बैठकांतच मिळते, म्हणून हा उल्लेख महत्त्वाचा. — संपादक