स्पोर्ट्स कारची घरगुती हत्यारे (विठ्ठलवाडी परिसर)

कमी उंचीची, बहुधा दोन आसनांची, वेगासाठी बांधलेली मोटार मालकाने घरच्या घरी सुस्थितीत ठेवण्यासाठी लागणारे पाने, जॅक, मापके आणि किरकोळ सामान. इंजिन उतरवणे, क्लच बदलणे, एसीचा गॅस भरणे ही कामे या नोंदीत येत नाहीत, ती गॅरेजचीच.

या जातीच्या देशी गाड्या मोजक्या आणि त्यातल्या दोन आपल्याच भागातल्या. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही उघड्या टपाची छोटी गाडी १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचे अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनोचे. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीचे दर्शन २०१२च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत झाले आणि पुढे ती पुण्याजवळ तयार होऊ लागली. तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिनही रेनोचेच, मात्र आसनांच्या मागे बसवलेले. आता दोन्ही गाड्या नव्या मिळत नाहीत. त्यामुळे ज्याच्या दारात यांपैकी एखादी असेल, त्याला हात काळे करणे भागच आहे.

विठ्ठलवाडी हे कल्याणहून कर्जतकडे निघाल्यावरचे पहिले स्थानक. एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला कल्याण. जवळच एसटीचे आगार. स्वतंत्र गॅरेज असलेले घर इकडे क्वचित. गाडी उभी राहते इमारतीच्या स्टिल्टमध्ये, पुढे शेजाऱ्याची स्कूटर आडवी लावलेली. कल्याण–बदलापूर रस्त्याची वर्दळ आणि गतिरोधक पाहता ती रविवारी सकाळी निघते, एरवी जागेवरच. चार महिने पाऊस. हत्यारांची निवड म्हणूनच वेगापेक्षा उभ्या गाडीच्या दुखण्यांवरून करावी. शंभर नगांचा चकचकीत पाना-संच पहिल्याच दिवशी घेण्याची हौस बहुतेकांना महागात पडते. त्यातल्या आठ-दहा गोट्या वापरात येतात, बाकीच्या पेटीत गंजतात.

जॅक व घोड्या. सर्वांत आधी पैसे घालावेत ते इथे. अशा गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम ११०–१३० मिमी असते, पुढचा ओठ त्याहूनही खाली. साधा ट्रॉली जॅक आत शिरतच नाही. ज्याचे तोंड ९० मिमीच्या आत खाली बसते असा लो-प्रोफाइल जॅक हवा. तो नसेल तर आधी पुढची चाके दीड-दोन इंची जाड फळ्यांवर चढवावी, मग जॅक सरकवावा. जॅकच्या तोंडावर रबरी गोल ठोकळा ठेवावा आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच टेकू द्यावा. फायबरच्या अंगाला मध्येच कुठे जॅक लागला तर तडा ठरलेला. गाडी उचलली की लगेच दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, कारण आतले सील सुटायला क्षण पुरतो. स्टिल्टची फरशी पाणी वाहून जावे म्हणून उताराची असते, तेव्हा जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे द्यावेत. पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीच्या पायाखाली प्लायचा तुकडा हवा, नाहीतर ती एका कोपऱ्याने खचते.

टॉर्क पाना. टॉमीला पाइप लावून नट आवळण्याची ट्रकवाल्यांची पद्धत अॅल्युमिनियमच्या रिमला चालत नाही. आटे जातात किंवा ब्रेकची डिस्क वेडीवाकडी ताणली जाते. बहुतेक गाड्यांना १००–१३० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. नट आधी हाताने फिरवून बसवावे, मग समोरासमोरचे आवळत जावे. पान्याने ‘टक’ केले की थांबावे. खात्रीसाठी पुन्हा एकदा ‘टक’ करायचा मोह आवरावा. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवला की त्याची स्प्रिंग टिकते. पोर्शे ९११ जीटी३च्या ९९१ पिढीत चाकाला एकच मधला नट असून तो ६०० न्यूटन-मीटरला आवळतात. ते काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नये.

बॅटरी मेंटेनर व मीटर. पंधरवडाभर गाडी हलली नाही तर घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून बॅटरी चाटून टाकतात. इंजिन बंद असताना, गाडी काही तास स्वस्थ राहिल्यावर मीटरने १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर. पार्किंगमध्ये प्लग मिळत असेल तर मेंटेनर लावून ठेवावा. नसेल तर बॅटरी काढून घरात न्यावी, पण रेडिओचा कोड आधी लिहून घ्यावा.

ब्रेक ऑइल तपासणारे पेन. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा पिते. कोरे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ आहे. माळशेज घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. पेनचा आकडा अंदाजाचाच; दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे उत्तम. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर ठेवली तर लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना ठोकळे लावावेत.

हवेचा पंप. अनेक स्पोर्ट्स कारना स्टेपनीच नसते. डिकीत सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. बाटलीवरची मुदत पाहावी.

किरकोळ : ओबीडी स्कॅनर, लॉक-नटची चावी, दोन बादल्या, मायक्रोफायबरची फडकी. झाकायला हवा खेळणारे कव्हर घ्यावे. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली घाम धरतो आणि उंदरांना आयते घर मिळते. वायरी कुरतडल्या गेल्याचे मग सुरू करतानाच कळते.

काढलेले इंजिन ऑइल गटारात ओतू नये. इकडचे नाले वालधुनीत जातात आणि वालधुनी उल्हासला मिळते. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

तपारियाचे पाने आणि पकडी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. हा कारखाना नाशिकचा. टॉर्क पाना आणि ठेंगणा जॅक घ्यायचा तर मुंबईतली नागदेवी स्ट्रीट गाठावी. पोलादी जॅक पंचवीस-तीस किलोंचा भरतो, त्यामुळे परतीला दुपारची रिकामी लोकल बरी.