इन्सुलिन, ट्रक आणि ४८ वर्षांची बंदी

१/ जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या एका रुग्णालयात चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि हमखास मरण आणणारा आजार सांभाळून जगता येण्याजोगा झाला. पन्नास वर्षे उलटण्याच्या आतच अमेरिकेत हे औषध घेणे हाच ट्रकचालकाच्या अपात्रतेचा निकष ठरला.

२/ अमेरिकेच्या परिवहन खात्याने १९७० मध्ये केलेला नियम १ जानेवारी १९७१ पासून लागू झाला. ज्याला मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागते, त्याला आंतरराज्य वाहतुकीतील व्यावसायिक वाहन चालवण्यास मनाई. त्याची साखर किती आटोक्यात आहे, त्याच्या हातून कधी अपघात झाला का, याची विचारणा नाही. राज्याच्या हद्दीत मात्र त्या त्या राज्याचा कायदा चाले. त्यामुळे काही राज्यांत दिवसभर ट्रक हाकणारा चालक सीमा ओलांडताच अपात्र ठरे.

३/ नियमकर्त्यांची भीती निराधार नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. इन्सुलिनची मात्रा जास्त झाली किंवा जेवण चुकले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, मन गोंधळते, अखेर शुद्ध हरपते. भरलेला ट्रक हाती असताना याचा अर्थ काय, ते सांगायला नको. त्या काळी रुग्ण घरी लघवीतील साखर तपासत. साखर वाढली की त्या तपासणीत कळे, धोकादायकरीत्या उतरली तर कळत नसे. रक्तातील साखर मोजणारे यंत्र १९७० च्या सुमारास नुकते आले होते, तेही महागडे, जड आणि मुख्यतः दवाखान्यांपुरते.

४/ पुढे ते यंत्र खिशात मावू लागले. नियम होता तिथेच राहिला.

५/ १९९३ मध्ये फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने काही निवडक मधुमेही चालकांना सूट देऊन पाहिली. तशीच एक योजना दृष्टिदोष असलेल्या चालकांसाठी होती. रस्ता-सुरक्षेसाठी झटणारी एक संस्था तिच्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली. सुरक्षेला बाधा येणार नाही, या खात्याच्या म्हणण्याला अनुभवसिद्ध आधार नव्हता. या निकालाने मधुमेहींच्या योजनेचाही पाया खचला. १९९६ मध्ये ती संपली, आधी सूट मिळालेले चालक तेवढे अटींवर टिकले. पुरावा नाही म्हणून ट्रक नाही, आणि ट्रक नाही म्हणून पुरावा नाही, असे हे चक्र होते.

६/ १९९८ च्या कायद्याने काँग्रेसने हा प्रश्न पुन्हा तपासायला लावला. २००३ मध्ये वैयक्तिक सूट मिळण्याची वाट उघडली. पण अट काय, तर इन्सुलिन घेत असताना व्यावसायिक वाहन चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभव! ज्या कामाला बंदी, त्याच कामाचा अनुभव. ज्यांच्या राज्याने मुभा दिली होती, त्यांनाच तो असणे शक्य होते. २००५ मध्ये काँग्रेसने ही अट काढून टाकायला लावली. तरीही अर्जदाराचे नाव, वय आणि आजार ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात छापून लोकांचे अभिप्राय मागवले जात. पोटासाठी आपल्या दुखण्याची दवंडी पिटवून घ्यावी लागे.

७/ सप्टेंबर २०१८ मध्ये नवा नियम जाहीर झाला आणि १९ नोव्हेंबरपासून सरसकट बंदी आणि सुटीचे अर्ज दोन्ही संपले. आता चालकावर उपचार करणारा वैद्य त्याची प्रकृती स्थिर असल्याचे लिहून देतो. मागील तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी यंत्रातून दाखवाव्या लागतात. इतर चालकांना प्रमाणपत्र दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, यांना फार तर एक वर्षाचे. डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाने गंभीर इजा झाली असेल, तर मात्र आंतरराज्य ट्रकचे चाक कायमचे हातातून सुटते.